सुंदराबाईचा तिवा

सुंदराबाई घरदार विकून सिनेमात काम करायला मुंबईला चालली, ही बातमी अकोटात पहिल्यांदा शेजारच्या माणिकबाईच्या ओट्यावर फुटली. पुरावा भक्कम होता. भर माघात, पावसाचा पत्ता नसताना, सुंदराबाईनं शिडी लावून आपल्याच स्वयंपाकघराच्या छपरावरची कवेलं उतरवली होती. घर विकल्याशिवाय कोणी कवेलं उतरवतं का? आणि आदल्याच दिवशी तेल्हाऱ्याच्या एसटीच्या टपावरून एक भला उंच तिवा उतरला होता, तोही तिच्याच दारातून आडवा होऊन आत गेला होता. तिवा म्हणजे खळ्यावर धान्य उफणताना माणूस ज्याच्यावर चढून उभा राहतो ती तीन पायांची लाकडी घोडी. खळ्यावरची वस्तू घरात कशाला? माणिकबाईजवळ त्याचंही उत्तर तयार होतं.

"सिनेमातल्या बायाइले उंचावर उभं राहून गाणे म्हणा लागतात. त्याचीच प्रॅक्टिस करून राहिली थे."

दुपारपर्यंत बाजारात सुंदराबाईला नायिकेच्या आईचं काम मिळालं होतं. संध्याकाळी बातमी एसटी स्टँडावर पोचली तेव्हा ती स्वतःच नायिका झाली होती, आणि चहावाला तिच्या नायकाचं नाव शपथेवर सांगत होता.

यातलं खरं एवढंच, की कवेलं उतरली होती आणि तिवा आला होता. घर जागच्या जागी होतं. सिनेमा निघणार होता हेही खोटं नाही, पण तो मुंबईत नाही, त्याच उघड्या बोडक्या स्वयंपाकघरात. आणि त्यात सुंदराबाईचं तोंड दिसणार नव्हतं. तोंड दिसू नये यासाठीच तर बिचारीचा सगळा आटापिटा चालला होता.

आता हे समजायचं तर आधी बाई समजली पाहिजे.

सुंदराबाई तेल्हाऱ्याकडची. ढांगा लांब, जीभ त्याहून लांब, आणि उंची अशी की लग्नात नवऱ्यापेक्षा चांगली वीतभर वर निघाली. मांडवात कोणीतरी टवाळखोरानं विचारलं, "नवरदेव कुठं हाये वो?" तर हिनं पदराआडून सांगितलं, "खाली पाहा." नवरा अकोटच्या एका जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, मापारी होता, कापूस मोजायचा. गरीब स्वभावाचा माणूस. बायकोचं बोलणं तो हसत ऐकायचा आणि तिनं काय सांगितलं ते विसरायचा, त्यामुळे संसार बरा चालला. तो तापानं अचानक गेला, पोटी लेकरू नाही. दिरानं बोलावलं होतं, पण दिराच्या घरी जाऊन चूपचाप बसायचं म्हणजे सुंदराबाईला जिवंतपणी मरणच. ती म्हणाली, माझे हात आहेत.

त्या हातांना वऱ्हाडात तोड नव्हती. सुंदराबाईचे मांडे म्हणजे असे, की अंजनगावपासून अकोल्यापर्यंत लोक लग्नाच्या तिथी तिला विचारून धरत, असं ती स्वतः सांगायची. त्यातलं अर्धं खरं धरलं तरी पुष्कळ झालं. सपिटाची कणीक तिंबून तिंबून रेशमासारखी करायची, तिच्या उंड्यात पुरण भरायचं, आणि मग पोळपाट-लाटण्याला हात न लावता तो उंडा नुसत्या हातांवर वाढवत न्यायचा. या मनगटावरून त्या मनगटावर, मुठीवरून कोपरापर्यंत, तो चांगला पंच्याएवढा पसरेपर्यंत. मग चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर अलगद टाकायचा. सुंदराबाईच्या हातावर मांडा पसरला की पलीकडचा दिवा दिसायचा. लग्नघरी पोरंबाळं, जावई, वरबाप सगळे तिच्याभोवती कोंडाळं करत. मग तिला चेव यायचा. मांडा डोक्यावरून एकदा इकडून, एकदा तिकडून झुलवायची, वरमाईच्या नाकातल्या नथीवर काहीतरी बोलायची, आणि बघणाऱ्यांनी "अरे बाप्पा!" म्हटलं की मगच तो खापरावर सोडायची.

गावातल्या महिला मंडळानं बासष्टच्या हिवाळ्यात मुलींसाठी स्वयंपाकाचा वर्ग काढला आणि मांडे शिकवायला सुंदराबाईला बोलावलं. ती नवं लुगडं नेसून गेली. मुली हुशार होत्या, मन लावणाऱ्या होत्या. त्यातली शालू तर फारच. ती पुंजाजीची मुलगी. पुंजाजी जिनात कापसाच्या गासड्या वाहायचा, आणि छप्पन साली दीक्षा घेतल्यापासून मुलींना शिकवायचंच हा त्याचा हट्ट होता. शालू सगळ्यांच्या आधी येई, सगळ्यांच्या नंतर जाई. पण मांडा हातावर घेतला की तिचाही फाटायचा, बाकीच्यांचाही फाटायचा. कोणाचा मधून, कोणाचा कडेनं. पुरण कोपरावरून ओघळून जमिनीवर.

"ओढ, पोरी! ओढ!" सुंदराबाई ओरडायची. "हलक्या हातानं ओढ!"

पोरी ओढायच्या. मांडा फाटायचा.

"मावशी, हलक्या हातानं म्हंजे कसं?" शालूनं एकदा विचारलं.

"म्हंजे असं!" म्हणून सुंदराबाईनं आपल्या हातावर मांडा घेतला आणि बघता बघता पंच्याएवढा करून दाखवला. पोरी डोळे फाडून बघत राहिल्या, आणि पुन्हा त्यांचे मांडे फाटले. कारण सुंदराबाईला आपले हात काय करतात ते सांगताच येईना. हात करायचे, तोंड भलतंच काही बोलायचं. जन्मभर दोघं एका घरात राहिली, पण त्यांची ओळख नव्हती.

मंडळाच्या अध्यक्षा अनुपमाबाई. वकिलाची बायको, माणूस वाईट नाही, बोलणं गोड. दिवाळीपासून फाटके मांडे बघून त्या कंटाळल्या. एक दिवस सगळ्या मुलींसमोर म्हणाल्या, "सुंदराबाई, तुमचा दोष नाही हो. मांडे हे घराण्यात असतात. आईच्या हातातून लेकीच्या हातात यायचे. ज्यांच्या घरात कधी खापरच चढलं नाही त्यांना कसे येणार?" हे बोलताना त्यांची नजर शालूकडे गेली. मुद्दाम गेली असं नाही, पण गेली. "होळीला मंडळाचं जेवण आहे. तोवर एकीचा तरी मांडा अख्खा उतरला तर ठीक, नाहीतर पुढं या वेळात आपण विणकाम घेऊ."

शालूनं मान खाली घातली. सुंदराबाईनं घातली नाही. पण त्या दिवशी घरी येताना ती रस्त्यात कोणाशी बोलली नाही, आणि माणिकबाईनं लगेच तिच्या तब्येतीची चौकशी केली, यावरून काय ते समजा. स्वतःला लेकरू नाही. हात आहेत तोवर मांडे आहेत, आणि हात गेले की संपलं, ही गोष्ट तिला पहिल्यांदाच नीट कळली होती. घराण्यात असतात म्हणे. मग आपलं घराणं कुठं आहे?

इथं देवमन आला. देवमन सुंदराबाईच्या बहिणीचा मुलगा, एका फिरत्या तंबू-टॉकीजमध्ये मशीन चालवायचा. जत्रेमागून जत्रा करत हिंडणारा, केसाला तेल, खिशाला कंगवा. परदेशातून आलेल्या कोण्या डॉक्टराकडून त्यानं हलती चित्रं काढणारा एक छोटा कॅमेरा मिळवला होता आणि ती भिंतीवर दाखवायला हातानं फिरवायचं एक लहानसं मशीन. मावशीच्या भिंतीवर त्यानं कौतुकानं आपली करामत दाखवली. त्याचा एक दोस्त विहिरीत उडी मारतो, एवढंच. देवमननं मशीनचं हँडल हळू फिरवलं तसा तो दोस्त हवेत हळूहळू गोळा झाला, गुडघे पोटाशी घेतले, हात कानाशी नेले.

सुंदराबाई पाटावरून उठली. "थांबव, थांबव. पुन्ना दाखव. त्याच्या पायाचं काय झालं थे दाखव."

तिनं ते पुन्हा पुन्हा पाहिलं. मग म्हणाली, "हा डबा मले दे."

"मावशी, मीच तुमची फिल्म काढतो ना!"

"तू नाई. कोणीच नाई. पाह्यणारं माणूस असलं का माहे हात त्याच्यासाठी नाचतात. मले ते हात पाह्याचे हायेत जे कोणासाठी नाचत नाईत."

देवमननं डोकं खाजवलं. पण मावशीला नाही म्हणायची त्याच्या आईचीही छाती नव्हती. त्यानं शिकवलं. चावी दिली की कॅमेरा घड्याळासारखा चालतो. बाजूची दांडी खाली ओढली की खटक्यात अडकते आणि फिल्म फिरू लागते. चावी उतरली की आपोआप बंद, आणि चावी फार लवकर उतरते. अंधारात चालत नाही, ऊन पाहिजे. फिल्म संपली की मुंबईला धुवायला पाठवायची. एवढं सांगून तो तंबूच्या मागं पुढच्या जत्रेला गेला.

पहिली फिल्म सुंदराबाईनं अंगणात काढली. घडवंचीवर पिठाचा डबा, डब्यावर कॅमेरा. चूल बाहेर मांडली, ठेवणीतलं लुगडं नेसली, कुंकू नव्हतं तरी केस चापून बसवले. दांडी ओढली, धावत जाऊन मांडा हातावर घेतला आणि कॅमेऱ्यासमोर उभी राहिली.

देवमन धुतलेली फिल्म घेऊन आला तेव्हा अर्धी गल्ली भिंतीसमोर जमली होती. भिंतीवर सुंदराबाई आली. हातावर मांडा. नजर समोर. श्वास रोखलेला. सगळे वाट बघत राहिले. सुंदराबाई हलली नाही. मागं चुलीचा धूर हलला, एक कोंबडी इकडून तिकडं गेली, मांड्याचा एक कोपरा हळूहळू लोंबत खाली आला आणि सुटून पडला. सुंदराबाई तशीच उभी.

"मावशी," देवमन हळूच म्हणाला, "हा हलणारा फोटो हाये. याच्यात हलायचं असते."

"मंग आधी कावून नाई सांगितलं? लग्नातल्या फोटोच्या वेळी हलली तर फोटोवाला मले केवढा ओरडला होता!"

गल्ली आठवडाभर हसली. माणिकबाई तर रस्त्यात मध्येच हात पसरून पुतळ्यासारखी उभी राहायची, आणि येणारे-जाणारे तिला वळसा घालून जायचे. सुंदराबाईनं ते पाहिलं, स्वतःही पोटभर हसली, आणि दुसऱ्या दिवशी अकोल्याची एसटी धरली.

कारण हलायचं कळलं तरी दुसरी अडचण होतीच. दांडी ओढून चुलीपाशी धावेपर्यंत अर्धी चावी धावण्यातच उतरत होती. त्यावर तिनं उपाय काढला होता. दांडीला सुतळी बांधायची, सुतळीचं दुसरं टोक आपल्या पायाच्या अंगठ्याला. हातावर मांडा तयार झाला की अंगठा ओढायचा. पण घडवंचीवरच्या डब्यावरून सुतळीच्या पहिल्या हिसक्यालाच कॅमेरा खाली आला असता. त्याला नीट उभं करायला काहीतरी पाहिजे होतं.

अकोल्यात उद्धवरावांचा फोटो स्टुडिओ. मागं पडद्यावर रंगवलेला राजवाडा, पुढं वेताची खुर्ची. उद्धवरावांनी स्टँड दाखवले. एक जुना, सागवानी, दोन माणसांनी उचलायचा. एक पितळी, परदेशी, नळीत नळी शिरणारा, छत्रीएवढा होऊन बगलेत मावणारा.

"हा पाहा बाई, साहेब लोक वापरत."

सुंदराबाईनं पितळी स्टँड उभा केला आणि त्याला बोटानं खाली ओढून पाहिलं. "याले सुतळीनं हिसका देल्ला तर पडत नाई?"

"स्टँडाले हिसका कशाले द्याचा?" उद्धवराव गडबडले. "तुमी फक्त समोर हसून उभ्या राहा. कॅमेरा नेहमी समोर पाहिजे. तोंड आलं म्हंजे फोटो आला."

"मले तोंड नाई पाहिजे. तोंड हाये माह्याजवळ."

तरी उद्धवरावांनी भीड घालून तो पितळी स्टँड वापरून बघायला दिला, आणि त्यांच्याच सांगण्यावरून तिनं कॅमेरा समोर ठेवला. या खेपेला फाटकाला कडी घातली. हात हलवले. पण अंगणात वारं होतं. मांडा पसरला तसा उडून तिच्याच तोंडावर बसला. दुसरा मांडा घेतला, अंगठा ओढला, आणि पितळी स्टँडाचा एक पाय सारवणावरून सरकला. देवमननं ती फिल्म दाखवली तेव्हा भिंतीवर आधी सुंदराबाई आली, मग तिनं हळूहळू कलून सगळ्यांना वाकून नमस्कार केल्यासारखं झालं, मग चूल आली, मग आभाळ.

सुरुवातीचा एवढासा तुकडा मात्र नीट आला होता. त्यात मांडा हातावर मोठा होत होता. सुंदराबाईनं तोच तुकडा हळूहळू फिरवायला लावला. शालूही आली होती. ती भिंतीसमोर उभी राहून आपले रिकामे हात तसे तसे हलवून बघत होती. मधेच थांबली.

"मावशी, तुमचा डावा माहा उजवा होऊन राहिला. अन् मांड्याच्या मांगं हात दिसतच नाईत. पडदाच होते त्याचा."

खरंच होतं. समोरून पाहणाऱ्याला मांडा दिसायचा, हात त्याच्या आड. लग्नघरात इतक्या वर्षांत इतक्या लोकांनी कोंडाळं करून जे पाहिलं ते पडदा होता.

"म्हंजे डबा माह्या पाठीमांगं पाहिजे," सुंदराबाई म्हणाली. "खांद्याच्या वरून. जसं मले दिसते तसं दिसलं पाहिजे."

"तुमच्या खांद्याच्या वरून?" देवमननं मावशीकडं खालून वर बघितलं. "मावशी, तेवढा उंच स्टँड साहेबांच्या देशातही नसन."

आणि वारं नको, म्हणजे घरात पाहिजे. घरात ऊन नाही. त्याचं नंतर बघू, आधी स्टँड, असं म्हणून सुंदराबाई बाहेर पडली. माणिकबाईनं शिडी देऊ केली, पण शिडीला टेकायला भिंत लागते आणि भिंत मागं असती तर मागं जागाच राहिली नसती. धर्मशाळेत जमीन मोजणारा उतरला होता, त्याच्याजवळ तीन पायांचा चांगला स्टँड होता. तो म्हणाला, "बाई, हे सरकारी आहे. स्वयंपाकघर मोजून पाहिजे असेल तर अर्ज करा." सुंदराबाई म्हणाली, "मोजाचं काय त्याच्यात? एका पाटाएवढं तर हाये." आणि पुढं गेली.

संक्रांत झाली. तिचा भाऊ किसनराव तेल्हाऱ्याजवळच्या खेड्यात राहायचा, तिकडं तीळगुळाला म्हणून ती गेली. खळ्यावर ज्वारीची मळणी होऊन उफणणी सुरू होती. एक गडी तिव्यावर उभा राहून टोपल्यातून वाऱ्यावर ज्वारी सोडत होता. खालून दुसरा भरलेलं टोपलं वर द्यायचा, वरचा वाकून घ्यायचा, पुन्हा ताठ व्हायचा. माणूस हलत होता, तिवा हलत नव्हता. जमीन खळ्याची, एकीकडं उंच, एकीकडं खोल. तरी हलत नव्हता.

सुंदराबाईनं तीळगुळाचा डबा भावाच्या हातात दिला आणि थेट तिव्याशी गेली. पायाला धरून हिसका दिला. वरचा गडी ओरडला, "ओ आत्या, मले पाडता का?" तिनं दुसऱ्या पायाला दिला. मग गड्याला उतरवलं, पदर खोचला आणि स्वतः वर चढली.

"सुंदरे, उतर!" किसनराव धावला. "या वयात पडशीन! लोक काय म्हणतीन?"

"लोकाइचं सोड. दादा, हा तिवा मले पाहिजे."

"उफणणी संपली का ने."

"कधी संपन?"

"वारं पडलं तर कोणाले माहीत? होळी होईन."

"होळीच्या आंधीच पाहिजे मले."

"मंग मी ज्वारी काय तोंडानं फुंकू?"

सुंदराबाई वरूनच म्हणाली, "टोपलं दे इकडं."

आणि ती उफणायला लागली. लोकांना वाटलं गंमत आहे, दोन टोपली उफणील आणि कंबर धरून खाली येईल. ती खाली आली नाही. वारं सुटलं की ती तिव्यावर, पडलं की उतरून पाणी पिणार आणि पुन्हा वाऱ्याची वाट बघत बसणार. डोळ्यांत कोंडा, केसांत कोंडा, लुगड्याचा रंग कोणता ते ओळखू येईना. वहिनी रोज विचारायची, "माहेरपणाले आल्या का मजुरीले?" ती म्हणायची, "तुह्या नवऱ्याले इचार, मजुरी काय देते." शेवटची रास झाडून झाली तेव्हा किसनरावानं स्वतः तिवा बैलगाडीत घालून तेल्हाऱ्याच्या स्टँडापर्यंत आणला. कंडक्टर म्हणाला, "बाई, खळं कुठं ठेवलं? तेही टपावर टाकू का?"

तो तिवा अकोटला उतरला, आणि माणिकबाईच्या ओट्यावर सिनेमा सुरू झाला, तो आपण वर पाहिलाच.

कवेलं उतरवल्यावर दुपारचं ऊन सरळ चुलीवर पडलं. सुंदराबाईनं तिवा आपल्या पाठीमागं लावला. त्याचा एक पाय जात्याच्या खळगीत बरोबर बसला. वरच्या फळीवर गोधडीची घडी, घडीवर कॅमेरा, आणि तो लुगड्याच्या जुन्या धडप्यानं आवळून बांधला. सुतळी दांडीपासून खाली, तिव्याच्या पायातून घेत तिच्या अंगठ्याला. दाराला कडी, खिडकीला पोतं. माणिकबाई उघड्या छपरातून बघायला म्हणून आपल्या माळ्यावर चढली, पण तिथून तिला फक्त तिव्याचं टोक दिसलं आणि सुंदराबाईच्या शिव्या ऐकू आल्या. शिव्या कॅमेऱ्याच्या चावीला होत्या की माणिकबाईला, हे तिनं कोणाला सांगितलं नाही.

अंगठ्याला हिसका बसला. तिवा हलला नाही.

मुंबईहून फिल्म यायला वेळ लागला. होळी तोंडावर आली तेव्हा देवमन जत्रा सोडून आला. या वेळी गल्लीला बोलावलं नव्हतं, फक्त वर्गातल्या पोरी. भिंतीवर दोन हात आले. उघडे, कोपरापर्यंत. त्यांवर कणकेचा उंडा. बाईचं तोंड कुठंच नाही, फक्त खाली चूल आणि हे हात, जसे ज्याचे त्याला दिसतात तसे. देवमन हँडल हळू, अगदी हळू फिरवू लागला. उंडा मुठींवर आला. एक कोपर वर उचललं. मांडा आपल्याच वजनानं त्या हातावरून घसरला, पसरला. मूठ थोडी वळली. दुसरं कोपर वर. पुन्हा घसरला, पुन्हा पसरला. डोक्यावरून झुलवणं नाही, काही नाही.

"पुन्ना," सुंदराबाई म्हणाली.

देवमननं पुन्हा फिरवली.

"पुन्ना."

चौथ्यांदा की पाचव्यांदा शालू म्हणाली, "मावशी, तुमी ओढतच नाई."

सुंदराबाई भिंतीकडं बघत राहिली. बोटं एकदाही मांड्याला धरत नव्हती. कोपर चढायचं, कोपर उतरायचं, आणि बाकी सगळं काम कणीक स्वतःच करत होती. तिच्या आईनं तिला 'ओढ' सांगितलं होतं. तिनं पोरींना 'ओढ' सांगितलं. आईचे हातही ओढत नसतील. कोणी पाहिलेच नव्हते.

"मेली मी, ओढा ओढा करून तुमचे सारे मांडे फाडले!" ती म्हणाली. "उठा वं पोरीहो. भिंतीसमोर उभ्या राहा. कोपर उचला. कोणीच ओढायचं नाई. जी ओढन तिले मी चुलीत घालीन."

त्या दिवसापासून पोरी येता-जाता रिकामी कोपरं वर-खाली करत हिंडायच्या, आणि गावात नवीच बातमी उठली की मंडळाच्या वर्गात मुलींना उडायला शिकवतात.

होळीच्या जेवणाला मंडळाच्या सगळ्या बाया आल्या. खापर तापलं. सुंदराबाई मागं भिंतीला टेकून बसली आणि तिनं हात पदरात घेतले. पहिल्या मुलीचा मांडा कडेनं फाटला. दुसरीचा खापरावर पडताना दुमडला. अनुपमाबाईंनी शेजारणीकडं बघून हलकेच मान हलवली. मग शालू उठली. उंडा मुठींवर घेतला. डोळे मिटल्यासारखे केले, भिंतीवरचे हात आठवत असावी. एक कोपर वर. मांडा घसरला. दुसरं कोपर वर. पसरला. सुंदराबाईची बोटं पदरात वळली. मांडा वाढत गेला, शालूच्या कोपरापलीकडं लोंबला, आणि त्यातून खापराखालचा जाळ दिसू लागला. शालूनं तो खापरावर सोडला. अख्खा. पुरणाचा एक थेंब खाली पडला नाही.

भाजलेला मांडा घडी घालून सुंदराबाईनं स्वतः अनुपमाबाईंच्या ताटात वाढला. त्यांनी तुकडा तोडला, तूप लावून खाल्ला, मग दुसरा तोडला. त्यांचे डोळे मोठे झाले. बाकीच्या बाया त्यांच्याकडं बघत होत्या. शालूचे पुढचे मांडे त्यांच्याही ताटांत पडले होते. कोणी खायला हात लावला होता, कोणी अजून नाही.

"अगदी तुमच्या हातचा लागतो हो!" अनुपमाबाई म्हणाल्या. मग शालूकडं वळून कौतुकानं, पण जरा चाचरत विचारलं, "काय गं, तुझी आई करायची का मांडे? नाही म्हणजे, तुमचं मूळ घराणं कोणतं?"

शालू काही बोलणार तेवढ्यात सुंदराबाईनं अनुपमाबाईंच्या ताटात तुपाची धार सोडली आणि म्हणाली, "घराणं कावून पुसता बाई? गरम हाये तवर खा, अन् पुढचा वर्ग कधी भरवाचा थे सांगा."